परवाना देण्याचा अधिकार

माणूस संगणकावर काम करू लागतो तेव्हा तो आपले नाव आणि पासवर्ड देतो, बहुतेक ठिकाणी मोबाइलवर आलेला ओटीपीही देतो, आणि त्यानंतरच यंत्रणा त्याला आत घेते; परंतु रात्री आपोआप सुरू होऊन छायाचित्रे उचलणाऱ्या आणि ती दूरच्या साठवणीत नेऊन ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला ओटीपी विचारण्यात अर्थ नसतो, कारण त्या वेळी उत्तर द्यायला कोणी जागे नसते. क्लाउडच्या व्यवस्थेने, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची यंत्रे आणि साठवण इंटरनेटवरून भाड्याने वापरण्याच्या व्यवस्थेने, या अडचणीवर काढलेला मार्ग असा, की माणसांच्या खात्यांखेरीज केवळ प्रोग्रॅमसाठी वेगळी खाती उघडायची. अशा खात्याला सर्व्हिस अकाउंट किंवा सेवा-खाते म्हणतात. त्याला ईमेलसारखा पत्ता असतो, कोणत्या साठवणीवर काय करता येईल याचे अधिकार त्याच्या नावे लिहिता येतात, पण त्याला पासवर्ड नसतो आणि माणसासारखे लॉगिन करून त्यात शिरताही येत नाही. त्या खात्याच्या वतीने काही करून घ्यायचे असेल तर प्रत्येक विनंतीसोबत ॲक्सेस टोकन दाखवावे लागते. हे टोकन म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती चालणारी, वाचून काहीच अर्थबोध न होणारी अक्षरांची लांब ओळ. ते जपावे कसे याची चर्चा पुष्कळ होते. ते तयार करण्याचा अधिकार कोणाकडे असावा याची त्या मानाने फारच थोडी होते, आणि लहान गावातील लहान संस्थेच्या कामात हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा ठरतो, असे प्रत्यक्ष कामातून दिसून येते.

प्रस्तुत लेखकाचा या विषयाशी संबंध आला तो वरोऱ्यातील कामामुळे. नागपूर–चंद्रपूर मार्गावरचे हे तालुक्याचे गाव आनंदवनामुळे महाराष्ट्रभर ओळखले जाते. त्याच्या पूर्वेला १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेले ताडोबाचे जंगल आहे, आणि जंगल व शेती यांच्या मधल्या पट्ट्यातील गावांत सोयाबीन, कापूस, तूर आणि हरभरा या पिकांचे रोही आणि रानडुकरे यांच्याकडून होणारे नुकसान हा दरवर्षीचा विषय आहे. नुकसानीची छायाचित्रे, जागेचे अक्षांश-रेखांश, शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक आणि पंचनाम्याची प्रत हे साहित्य गावोगावी गोळा करून एका ठिकाणी लावून ठेवण्याचे काम एका लहान संस्थेसाठी वरोऱ्यातून चालत असे. हे सारे गूगल क्लाउडच्या मुंबई विभागातील साठवणीत जात असे. हा विभाग २०१७ मध्ये सुरू झाल्यामुळे वैयक्तिक स्वरूपाचे साहित्य देशातच ठेवण्याची सोय झालेली होती. काम तसे साधे होते. गावातून आलेली फाइल साठवणीत पोहोचवायची आणि पोहोचल्याची खात्री करून घ्यायची, एवढेच. परंतु ही फाइल कोणाच्या अधिकाराने आत जाते, या एका प्रश्नाने त्या कामाचा बराच वेळ घेतला.

टोकन मिळवण्याची रूढ पद्धत की-फाइलची आहे. सेवा-खात्यासाठी गूगलच्या यंत्रणेकडून एक फाइल उतरवून घेता येते, आणि तिच्यात त्या खात्याची खासगी की, म्हणजे २,०४८ बिटांची एक गुप्त संख्या, असते. या कीने प्रोग्रॅम एका छोट्या निवेदनावर सही करतो; निवेदनात हे खाते कोणते, कोणत्या कामासाठी टोकन हवे, निवेदन केव्हा लिहिले आणि ते केव्हापर्यंत ग्राह्य धरावे, एवढा मजकूर असतो. सहीच्या या निवेदनाला जेडब्ल्यूटी म्हणतात आणि त्याचे प्रमाणित स्वरूप २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मोठ्या चौकटीत ते बसते ती ओऑथ २.० ही चौकट २०१२ ची. सही पडताळली की यंत्रणा एका तासाचे टोकन देते. पद्धत सोपी आहे, आणि ती सोपी असण्यातच तिचा धोका आहे, कारण टोकन तासाभरात मरते पण की-फाइल आपोआप मरत नाही. कोणी मुद्दाम रद्द करीपर्यंत ती वर्षानुवर्षे चालते, एका खात्याला अशा दहापर्यंत की काढता येतात, आणि फाइलची प्रत कोणी काढली याची नोंद कोठेही होत नाही. लहान कार्यालयांत अशा फाइली पेन ड्राइव्हमधून फिरतात, नवा संगणक आला की व्हॉट्सॲपवर पाठवल्या जातात, काम सोडून गेलेल्या मुलाच्या लॅपटॉपवर राहून जातात. त्यामागे कोणाचा वाईट हेतू नसतो. काम अडले आहे, फाइल मिळाली की सुटेल, एवढाच व्यवहार असतो. मे २०२४ पासून गूगल क्लाउडवर नव्याने उघडल्या जाणाऱ्या संस्थात्मक खात्यांत की-फाइल काढण्याची सोय मुळातच बंद ठेवलेली असते, यावरून या पद्धतीविषयी तिच्या निर्मात्यांचेही मत काय झाले आहे ते कळते.

की-फाइलची दुसरी अडचण चंद्रपूर–गडचिरोली जिल्ह्यांत विशेष जाणवते, आणि ती घड्याळाची आहे. निवेदनातील वेळ १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांत लिहिली जाते आणि ती जागतिक प्रमाणवेळेनुसार असते. पाठवणाऱ्या यंत्राचे घड्याळ पुढे किंवा मागे असेल तर निवेदन भविष्यात लिहिलेले किंवा मुदत संपलेले ठरते आणि यंत्रणा ते नाकारते. गावांत वापरले जाणारे स्वस्त, तळहाताएवढे संगणक पुष्कळदा बॅटरीवर चालणाऱ्या अंतर्गत घड्याळाविनाच येतात. वीज गेली की त्यांची वेळ थांबते, वीज आली की ते थांबल्या जागेपासून पुढे मोजू लागतात, आणि इंटरनेट मिळेपर्यंत त्यांना खरी वेळ समजत नाही. ज्या चंद्रपूर जिल्ह्यात २,९२० मेगावॉट क्षमतेचे महाऔष्णिक वीज केंद्र उभे आहे त्याच जिल्ह्यातील गावांत पावसाळ्यातल्या एका वादळाने वीज तासन् तास जाते, हे तेथे राहणाऱ्याला नवे नाही. शिवाय कोणी समजूतदारपणे हाताने घड्याळ लावले, पण यंत्राचा समज आपण जागतिक वेळेवर आहोत असा असला, तर भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे निवेदन १९,८०० सेकंद भविष्यातले होते. यंत्रणेकडून येणारा नकार मात्र त्रोटक असतो. अधिकारपत्र अवैध आहे, हेच त्यात आधी दिसते, आणि मग जी की निर्दोष आहे तिच्यावर संशय घेऊन नवी की काढली जाते, म्हणजे न मरणाऱ्या फाइलींत आणखी एकीची भर पडते.

या सगळ्याचा नीट विचार करण्यासाठी चंद्रपूर–गडचिरोलीच्या माणसाला दूर जावे लागत नाही, कारण वनोपजाच्या वाहतूक परवान्याची, बोलीभाषेत टीपीची, व्यवस्था त्याच्या पूर्ण परिचयाची असते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या ४१ व्या कलमाने लाकूड आणि अन्य वनोपज यांच्या वाहतुकीविषयी नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला, आणि त्यातून आलेला परवाना कोणता माल, किती, कोठून कोठे आणि कोणत्या तारखेपर्यंत न्यायचा ते सांगतो. नाक्यावरचा वनरक्षक ट्रकचालक प्रामाणिक आहे की नाही याची परीक्षा घेत नसतो. तो परवाना, माल आणि तारीख यांचा मेळ पाहतो. ॲक्सेस टोकनाचे काम हेच आहे. की-फाइलची पद्धत या भाषेत सांगायची तर प्रत्येक चालकाच्या हाती परवान्यांचे कोरे पुस्तक आणि शिक्का देऊन ठेवण्यासारखी आहे: प्रत्येक परवाना अल्पमुदतीचा असला तरी पुस्तकाला मुदत नाही. तेव्हा सुधारणा करायची ती परवान्यात नव्हे, पुस्तक कोणाकडे राहते यात करायची, हा निष्कर्ष आपोआप निघतो.

गूगल क्लाउडमध्ये ही सुधारणा एका स्वतंत्र एपीआयमुळे शक्य होते. एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे ठरलेल्या साच्यात विनंती करण्याची सोय. आणि सेवा-खात्यांसाठी अल्पमुदतीची अधिकारपत्रे देणाऱ्या या एपीआयचे नाव आयएएम सर्व्हिस अकाउंट क्रेडेन्शियल्स एपीआय असे आहे. त्यातील जनरेट-ॲक्सेस-टोकन या क्रियेला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: टोकन कोणत्या सेवा-खात्याचे हवे, त्याची व्याप्ती काय आणि, ठरावीक हवी असल्यास, मुदत किती सेकंदांची. पहिली गोष्ट विनंतीच्या पत्त्यातच लिहिली जाते, आणि त्या पत्त्यात प्रकल्पाच्या नावाच्या जागी केवळ एक आडवी रेघ द्यायची असते. तेथे प्रकल्पाचे खरे नाव लिहिण्याचा मोह नवख्याला होतो आणि विनंती फेटाळली जाते. उत्तरात टोकन आणि ते संपण्याची वेळ अशा दोनच गोष्टी येतात. या रचनेत सेवा-खात्याची की-फाइल कोणाकडेही राहत नाही. वरोऱ्यातील कार्यालयात बसलेली व्यक्ती आपल्या स्वतःच्या खात्याने, पासवर्ड आणि दुसरा पुरावा देऊन, आत येते. तिच्या संगणकावरील प्रोग्रॅम तिच्या ओळखीच्या आधारे सेवा-खात्याचे टोकन मागतो. टोकन मिळाले की गावांतून मेमरी कार्डवर आलेले साहित्य साठवणीत जाते. आणि तासाभराने ते टोकन निरुपयोगी होते. टोकन संपण्याची वेळ यंत्रणा स्वतःच्या घड्याळावरून ठरवत असल्यामुळे, आणि गावातल्या यंत्राला काही सही करायचीच नसल्यामुळे, घड्याळाची अडचणही या पद्धतीत बहुतांशी मावळते.

आता प्रश्न उरतो तो टोकन मागण्याचा अधिकार कोणाला, याचा. गूगल क्लाउडमध्ये अधिकारांचे ठरावीक गठ्ठे असतात, त्यांना रोल म्हणतात, आणि टोकन तयार करण्याचा अधिकार सर्व्हिस अकाउंट टोकन क्रिएटर या नावाच्या रोलमध्ये असतो. येथे एक गोष्ट अनेकांना चमत्कारिक वाटते: प्रकल्पाचा मालक, म्हणजे ओनर हा रोल असलेली व्यक्ती, सेवा-खाते उघडू शकते, बंद करू शकते, त्याला साठवणीवरचे सर्व अधिकार देऊ शकते, पण त्या खात्याचे टोकन मात्र केवळ मालक म्हणून मागू शकत नाही, त्यासाठी तिला टोकन क्रिएटर हा रोल वेगळा, स्वतःच्या नावे, लिहून घ्यावा लागतो. मालकी एक आणि परवाना देण्याचा अधिकार दुसरा, हा भेद येथे कागदावर उतरवलेला आहे.

हा भेद किती खरा आहे, ते गडचिरोली जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासात पाहता येते. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला वन हक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २००६ च्या त्या कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केलेली असल्यामुळे बांबू काढण्या-विकण्याचा हक्कही त्यात आला. परंतु वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती नव्हते, आणि परवान्याविना विकत घेतलेला बांबू गावाबाहेर नेता येत नसल्याने हक्क असूनही व्यवहार होत नव्हता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण आणि वन मंत्री जयराम रमेश यांनी मेंढा-लेखात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे सुपूर्द केले, त्या वेळी गावाचे नेतृत्व देवाजी तोफा करीत होते. आणि पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये वन हक्क नियमांत दुरुस्ती होऊन ग्रामसभेच्या समितीला किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेल्या व्यक्तीला असे परवाने देता येतील, हे नियमातच लिहिले गेले. मालकीपेक्षा परवान्याचे पुस्तक निर्णायक ठरते, हे मेंढा-लेखाने दाखवले. फरक इतकाच, की ग्रामसभेला ते पुस्तक मिळवण्यासाठी झगडावे लागले, तर क्लाउडमधील मालक ते स्वतःच स्वतःला देऊ शकतो. पण देताना त्याची नोंद होते, आणि ही नोंदच त्या रचनेचे मोल आहे.

टोकन क्रिएटर हा रोल देताना तो कोठे द्यायचा, याला तेवढेच महत्त्व आहे. तो एका विशिष्ट सेवा-खात्यावर देता येतो किंवा संपूर्ण प्रकल्पावर देता येतो. प्रकल्पावर दिला तर त्या प्रकल्पातील आजची सगळी सेवा-खाती आणि उद्या उघडली जाणारी खातीसुद्धा त्या व्यक्तीच्या कक्षेत येतात. साहित्य साठवणीत टाकणारे खाते आणि हिशेब किंवा खर्च पाहणारे खाते एकाच प्रकल्पात असतील, तर छायाचित्रे चढवण्यासाठी नेमलेल्या कर्मचाऱ्याला नकळत खर्चाच्या खात्याचीही दारे उघडतात. हे सर्वांना पटते, तरीही प्रत्यक्षात रोल प्रकल्पावरच दिला जातो, आणि त्याचे कारण बहुधा उतावळेपणा असतो. नवा अधिकार गूगलच्या यंत्रणेत सर्वत्र पोहोचायला साधारण दोन मिनिटे लागतात, कधी सात मिनिटे किंवा त्याहून अधिक. तोपर्यंत टोकनाची विनंती अधिकार नाही म्हणून परत येते. समोर काम खोळंबलेले, फोनवर कोणी विचारीत असलेले, अशा वेळी सात मिनिटे थांबण्याऐवजी अधिक मोठा रोल देऊन पाहिला जातो. एवढ्यात पहिला रोल लागू झालेला असतो, काम चालू होते, श्रेय मोठ्या रोलला मिळते आणि तो तसाच राहून जातो. अधिकार गरजेपुरताच द्यावा हे तत्त्व सॉल्ट्झर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच मांडले होते. ते मोडले जाते ते बहुतेक वेळा तत्त्वाला विरोध असतो म्हणून नव्हे, तर थांबायला वेळ नसतो म्हणून, असे या कामात वारंवार दिसते.

टोकनाची व्याप्ती, जिला स्कोप म्हणतात, ती ठरवताना एक गैरसमज टाळावा लागतो. स्कोपमध्ये सबंध क्लाउडचा उल्लेख असला म्हणून टोकन सर्वशक्तिमान होत नाही. सेवा-खात्याच्या नावे लिहिलेले अधिकार आणि टोकनाचा स्कोप या दोहोंत जेवढे समान असेल तेवढेच त्या टोकनाला करता येते. म्हणून खरे कुंपण खात्याच्या अधिकारांचे असते, आणि छायाचित्रे चढवणाऱ्या खात्याला नवी फाइल ठेवण्याचा अधिकार पुरेसा असतो. जुनी वाचण्याचा, बदलण्याचा किंवा पुसण्याचा अधिकार त्याला लागत नाही. साठवणीपुरते यापुढेही जाता येते: क्रेडेन्शियल ॲक्सेस बाउंडरी या सोयीने हाती असलेले टोकन आणखी आवळून ते एका ठरावीक साठवणीपुरते, तिच्यातीलही ठरावीक नावाने सुरू होणाऱ्या फाइलींपुरते करता येते, म्हणजे एका गावाचे साहित्य हाताळणाऱ्याला दुसऱ्या गावाचे दिसत नाही. शेतकऱ्याचे नाव, त्याच्या शेताची जागा आणि त्याने सांगितलेले नुकसान एकत्र आले की ते वैयक्तिक माहितीचे साहित्य होते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ च्या दृष्टीने तर ते महत्त्वाचे आहेच, पण कोणाच्या शेतात रात्री जनावर येते आणि कोण तेथे जागलीला एकटा असतो हे सगळ्यांना कळू नये, एवढे साधे कारणही पुरेसे आहे.

मुदतीचा प्रश्न वरकरणी सोपा दिसतो. काही न सांगितल्यास टोकन ३,६०० सेकंदांचे मिळते. त्याहून कमी मागता येते. आणि संस्थेच्या धोरणात तशी मुभा मुद्दाम दिली असेल तर ४३,२०० सेकंदांपर्यंत, म्हणजे बारा तासांपर्यंत, मागता येते. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्येही तात्पुरत्या अधिकारपत्रांची मुदत साधारण याच घरात, पंधरा मिनिटांपासून बारा तासांपर्यंत, असते. ज्या गावात जाळे मंद आहे तेथे बारा तासांचे टोकन मागावेसे वाटणे स्वाभाविक आहे, कारण मोठी फाइल चढता चढता तास उलटतो. पण त्याची गरज नसते, कारण टोकन संपण्याआधी नवे मागण्याची सोय प्रोग्रॅममध्ये ठेवता येते आणि तुटलेली फाइल तुटल्या जागेपासून पुढे चढवण्याची पद्धतही उपलब्ध आहे. मात्र या पद्धतीतला एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. तुकड्या-तुकड्यांनी फाइल चढवायला सुरुवात केली की साठवण एक दुवा देते, हा दुवा आठवडाभर चालतो, आणि तो ज्याच्या हाती असेल त्याला पुढचे तुकडे पाठवताना पुन्हा टोकन दाखवावे लागत नाही. टोकन तासाचे ठेवून सुरक्षिततेचे समाधान मानायचे आणि हा आठवड्याचा दुवा प्रोग्रॅमच्या नोंदवहीत उघडा छापून ठेवायचा, असा विरोधाभास अनेक ठिकाणी आढळतो. ज्याच्या आधारे आत जाता येते ती प्रत्येक गोष्ट परवानाच असते, तिचे नाव काहीही असो.

अल्प मुदतीची दुसरी बाजू अशी, की एकदा दिलेले टोकन मागे घेणे सोपे नसते. टोकन ज्याच्या हाती त्याचा अधिकार, अशी त्याची घडण आहे. यंत्रणा टोकन तपासते, ते हातात धरणाऱ्याची ओळख विचारत नाही. एखाद्या कर्मचाऱ्याचा टोकन क्रिएटर रोल काढून घेतला तरी त्याआधी त्याने घेतलेले टोकन मुदत संपेपर्यंत चालूच राहते. ते तत्काळ थांबवायचे असेल तर सेवा-खातेच निष्क्रिय करावे लागते किंवा त्या खात्याचे साठवणीवरचे अधिकार काढावे लागतात, आणि त्याचा फटका त्या खात्यावर चालणाऱ्या इतर सगळ्या कामांना बसतो. म्हणूनच एकाच खात्यावर सगळी कामे न लादता प्रत्येक कामाला वेगळे खाते देणे शहाणपणाचे ठरते. खाती वाढली तर व्यवस्था किचकट होईल ही भीती खरी असली, तरी एका प्रकल्पात शंभरपर्यंत सेवा-खाती उघडता येतात आणि लहान संस्थेला त्यातली बोटांवर मोजण्याइतकीच लागतात.

परवान्याच्या पुस्तकाला जशी स्थळप्रत असते तशी टोकनाच्या व्यवहाराला नोंद असावी लागते, आणि येथे यंत्रणेची मूळ मांडणी फारशी मदत करीत नाही. टोकन कोणी तयार केले याच्या नोंदी गूगल क्लाउडमध्ये डेटा ॲक्सेस या प्रकारात मोडतात. त्या आपोआप ठेवल्या जात नाहीत, मुद्दाम सुरू कराव्या लागतात. सुरू केल्यावरही सामान्य नोंदी तीस दिवसांनी पुसल्या जातात, आणि भारताच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत नोंदी १८० दिवस जपण्यास सांगितले आहे. तेव्हा ती मुदतही हाताने वाढवावी लागते. त्याच निर्देशांत संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवण्यास सांगितले आहे, आणि तोही केवळ औपचारिकतेचा भाग नाही, कारण दोन यंत्रांच्या नोंदी वेगवेगळ्या वेळा दाखवू लागल्या की आधी काय घडले आणि नंतर काय, हे ठरवताच येत नाही. नोंद ठेवली की दोन पद्धतींतला फरक अगदी स्पष्ट दिसतो. की-फाइलने काम झाले असेल तर कोणती की वापरली गेली एवढे कळते, ती कोणाच्या हातात होती ते कळत नाही. एपीआयने टोकन मागून काम झाले असेल तर सेवा-खात्याच्या नावासोबत मागणाऱ्या माणसाचे खातेही नोंदीत येते. एका खात्याने दुसऱ्याच्या वतीने आणि दुसऱ्याने तिसऱ्याच्या वतीने टोकन मागावे अशी साखळीही करता येते, तिच्या प्रत्येक कडीला पुढच्या कडीवर टोकन क्रिएटर रोल असावा लागतो. पण लहान संस्थेत अशी साखळी टाळलेली बरी, कारण नोंद वाचणाऱ्याला ती उलगडावी लागते आणि तेथे नोंद वाचणारा आणि साहित्य चढवणारा बहुधा एकच असतो.

या सर्व व्यवस्थेची मर्यादाही मान्य केली पाहिजे. टोकन कितीही अरुंद आणि अल्पायुषी केले, तरी ज्याला ते तयार करण्याचा अधिकार आहे तो हवे तेव्हा नवे तयार करू शकतो. म्हणजे धोका नाहीसा होत नाही, तो अनेक विखुरलेल्या फाइलींतून निघून काही नाव घेता येणाऱ्या माणसांपाशी येऊन थांबतो. सही पडताळणारी यंत्रणा चढवलेले छायाचित्र त्याच शेताचे आहे की शेजारच्या, हेही सांगू शकत नाही. ते पंचनाम्याला गेलेल्या माणसानेच पाहायचे असते. पण माणसापाशी थांबलेल्या धोक्याविषयी काही करता येते: त्याला विचारता येते, त्याच्या अधिकाराची कक्षा बदलता येते, आणि तो गेला तर एका ओळीने त्याचे नाव काढून टाकता येते. विखुरलेल्या फाइलींच्या बाबतीत यांपैकी काहीच करता येत नाही, कारण त्या किती आहेत हेच ठाऊक नसते.

वरोऱ्यासारख्या ठिकाणी हा मुद्दा विशेष लागू पडतो, कारण येथील तरुण कर्मचारी काम शिकतो आणि वर्ष-दोन वर्षांत नागपूरला किंवा पुण्याला जातो, जाणे योग्यच असते, आणि संस्थेला दर वेळी नव्या माणसाकडे चार्ज द्यावा लागतो. की-फाइलच्या काळात चार्जच्या यादीत संगणक, कपाटाच्या किल्ल्या आणि पासवर्डची वही येई, परंतु त्या फाइलीच्या किती प्रती बाहेर आहेत हे लिहिता येत नसे. टोकन मागण्याच्या पद्धतीत लिहिण्यासारखे दोनच तक्ते उरतात: कोणत्या कामाला कोणते सेवा-खाते आहे, आणि कोणत्या सेवा-खात्याचे टोकन कोण मागू शकतो. हे दोन्ही तक्ते गूगलच्या यंत्रणेतून जसेच्या तसे काढता येतात, त्यामुळे जाणारा आणि येणारा दोघेही ते पाहून सही करू शकतात, आणि जाणाऱ्याचे नाव दुसऱ्या तक्त्यातून त्याच बैठकीत कमी केले की त्याने मागितलेल्या शेवटच्या टोकनाची, आणि त्यावर मिळालेला फाइल चढवण्याचा दुवा असल्यास त्याचीही, मुदत संपताच त्याचा त्या साठवणीशी संबंध संपतो. चार्जच्या कागदावर दुसरा तक्ता नसेल तर संगणक कितीही नवे असले आणि पासवर्ड कितीही कठीण असले तरी चार्ज पुरता झाला असे म्हणता येणार नाही.